रात्रीचं जेवण हलकं केलं तर झोप सुधारते का? दुकान साडेनऊला बंद करणाऱ्यांनी काय करायचं?

महाद्वारचा_दुकानदार
सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. वय ५३, कोल्हापुरात महाद्वार रोडला कापडाचं दुकान. गेले सात-आठ महिने रात्री अडीच-पावणेतीनला जाग येते. छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं. उठून दोन घोट पाणी पितो, गॅलरीत उभा राहतो आणि मग पाच वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी गिऱ्हाईकासमोर ठाण उलगडताना डोळ्यांवर झापड येते. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही आताशा लई चिडता. त्याचं खरं आहे.

माझा दिवस असा. सकाळी ९ ला चहा-चपाती, आठवड्यातनं दोनदा मिसळ. दुपारचा डबा दुकानातच, गिऱ्हाईक बघत बघत. निम्मा डबा परत जातो. संध्याकाळी सहाला चहा आणि भडंग, नाहीतर वडा. रात्री साडेनऊला शटर, सव्वादहाला ताट. दिवसातलं तेवढंच एक जेवण निवांत होतं. घरातली सगळी एकत्र बसतात. भाकरी, उसळ, भात, आमटी. बुधवार-रविवार मटण नाहीतर अंडी. पोटभर जेवतो आणि अकराला अंथरुणावर.

महिन्यापूर्वी एका वैद्यांना दाखवलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, रात्रीचं जेवण हलकं करा आणि झोपायच्या तीन तास आधी करा. पण सात ते नऊ माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. मग मी रात्रीचं जेवणच सोडलं. चार दिवस एक केळं आणि पाणी. जळजळ कमी झाली, पण एक वाजता भुकेनं जाग यायला लागली. पाचव्या दिवशी न राहवून साडेदहाला दुप्पट जेवलो आणि ती रात्र सगळ्यांत वाईट गेली.

इथं कुणी हे जमवलंय का? पुस्तकातलं नको, आपल्या गावातल्या वेळापत्रकात बसणारं सांगा.

पेठेतली_वहिनी
मंगळवार, सकाळी ७:१०

भाऊजी, उपाशी झोपू नका एवढंच आधी सांगते. माझे सासरे असंच करायचे आणि रात्रभर कूस बदलायचे. सविस्तर दुपारी लिहिते, आत्ता डबे भरायचेत.

सूर्य_मावळायच्या_आत
मंगळवार, सकाळी ९:३५

आमचं घर जैन. माझ्या वडिलांचं लक्ष्मीपुरीत दुकान, आता भाऊ बघतो. आमच्याकडं रात्रीभोजनाचा त्याग, त्यामुळं तुमचा हा प्रश्न आमच्या तीन पिढ्यांनी सोडवलेला आहे.

हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातनंतर. त्या हिशेबानं घरनं डबा पाच-साडेपाचला निघतो. दुकानात मागं कापडाच्या गठ्ठ्यांपलीकडं एक पाट आणि पाण्याची कळशी कायम असायची. वडील नोकराला गल्ल्यावर बसवून आत जायचे, पंधरा मिनिटांत जेवून बाहेर. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांना ते माहीत होतं, त्या वेळात कुणी हिशेबाला यायचं नाही.

हे आमच्यासाठी धर्माचं आहे, झोपेसाठी कुणी करत नाही. पण वडील ८१ वर्षांचे होऊन गेले आणि मी त्यांना रात्री उठून बसलेलं बघितलं नाही. त्यांच्या पाठीशी दुपारचं जेवण भरभक्कम होतं, हेही सांगायला पाहिजे. दुपारी घरी येऊन वरण-भात, भाकरी, भाजी, तूप, सगळं. तुमचा दुपारचा निम्मा डबा परत जातो, तिथं मला खरी अडचण दिसते.

तालमीचा_गडी
मंगळवार, दुपारी १२:०४

मला हे हलकं-बिलकं पटत न्हाई. मी गंगावेशीतल्या तालमीत आठ वर्षं घालवली. सकाळी चारला उठून जोर-बैठका, मग लढती. संध्याकाळी परत मेहनत. रात्री भाकरी-मटण, तूप, वर म्हशीचं दूध. नऊला पडलो की सकाळी चारलाच जाग. एका गड्याला जळजळ नव्हती. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हस समोर पिळून धारोष्ण दूध देत्यात, ते पिऊन कुणी जागं राहिल्यालं मी बघितलं न्हाई.

शाहू महाराजांनी पैलवानांच्या खुराकाला दरबारातनं पैसा दिला, खासबागेचं मैदान बांधलं. तो खुराक काय मुगाचं पाणी नव्हता. दुकानदार, तुमचं जेवण चुकीचं नाही, तुम्ही दिवसभर बसून असता हे चुकतंय. रोज पहाटे रंकाळ्याला एक फेरी मारा.

अग्नी_आणि_अन्न
मंगळवार, रात्री ८:२०

मी वैद्य आहे, राजारामपुरीत बसतो. वरच्या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आयुर्वेदात शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. आहार आणि झोप शेजारी शेजारी ठेवलेत, एक हलला की दुसरा हलतो.

आधी उपाशी झोपण्याविषयी. चरकसंहितेत ज्याला फार झोप येते त्याची झोप कशानं हटते याची यादी आहे. भीती, चिंता, राग, व्यायाम, अवघड अंथरूण, आणि त्यात उपवासही आहे. म्हणजे दुकानदार काकांनी चार दिवस झोप उडवायचा उपाय केला. भुकेल्या पोटी वात वाढतो आणि वात वाढलेल्या माणसाला मध्यरात्री जाग येते.

आता गडीभाऊंचं. त्याच अध्यायात झोप न येणाऱ्यासाठीची यादी आहे: अंगाला तेल, स्नान, साळीचा भात, दूध, तूप, मनाला सुख देणाऱ्या गोष्टी, आणि मांसरस. होय, मांसाचा रस झोप आणणारा म्हणून सांगितला आहे. दुधाच्या वर्गात तर म्हशीचं दूध गाईच्या दुधापेक्षा जड आणि थंड, निद्रानाशात हितकर आणि ज्याचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, फार तीव्र आहे त्याला चांगलं, असं स्पष्ट आहे. दूध कट्ट्याचं कौतुक मला त्यामुळं पोकळ वाटत नाही. पण ‘ज्याचा अग्नी तीव्र आहे’ हे शब्द सोडायचे नाहीत. दिवसातून दोनदा घाम गाळणाऱ्या विशीतल्या पैलवानाचा अग्नी आणि ५३ वर्षांच्या, दिवसभर गादीवर बसून कापड दाखवणाऱ्या माणसाचा अग्नी एक नाही. एकाला जे दूध झोप देतं ते दुसऱ्याच्या घशाशी येतं. आणखी एक, मटणावर लगेच दूध पिऊ नये. शेळी-मेंढीसारख्या गावातल्या प्राण्यांचं मांस दुधाबरोबर खाणं विरुद्ध आहाराच्या यादीत येतं. दोन्हींमध्ये अंतर ठेवा.

मग हलकं म्हणजे काय? शास्त्रात गुरु म्हणजे जड आणि लघु म्हणजे हलका असे पदार्थांचे गुण आहेत. मूग लघु, उडीद गुरु. जुना तांदूळ लघु, नवा गुरु. तळलेलं, पिठाचं, खव्याचं गुरु. वाग्भटांनी अष्टांगहृदयात मोठा सोपा नियम दिलाय: जड पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंत खावेत आणि हलकेसुद्धा अतितृप्ती होईपर्यंत खाऊ नयेत. त्यांनी पोटाचे चार भाग कल्पिले: दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला फिरायला मोकळा. सव्वादहाच्या ताटात तो चौथा भाग भरून जातो आणि मग वायू वरच्या दिशेनं वाट शोधतो. याच्यात कुठेही मटण सोडा असं नाही. प्रमाण आणि वेळ एवढंच आहे.

वेळेबद्दल चरकांनी एक दृष्टांत दिलाय तो मला फार आवडतो. दिवसा सूर्यामुळं हृदय कमळासारखं उमललेलं असतं, स्रोतसं, म्हणजे शरीरातले मार्ग, उघडी असतात, हालचालीनं अन्न पचत राहतं. त्यामुळं सकाळचं थोडं राहिलं असलं आणि संध्याकाळी खाल्लं तर फार बिघडत नाही. पण रात्री ते कमळ मिटतं. रात्रीचं न पचलेलं असताना सकाळी पुन्हा खाणं हे जास्त घातक. काका, तुम्ही सकाळी ९ ला मिसळ खाता तेव्हा रात्री सव्वादहाचं पोटात असतं का, हे स्वतःच्या ढेकरेवरून ओळखा. आदल्या जेवणावर जेवण चढवणं, याला अध्यशन म्हणतात, आणि रोगांच्या कारणांत ते फार वरचं आहे. सहाचं भडंग आणि वडासुद्धा त्यातच येतं, भूक मारतं आणि रात्री ताटावर बसल्यावर सवयीनं जेवलं जातं.

बारीकसारीक दोन गोष्टी. रात्री दही नको, हे चरक-वाग्भट दोघांनीही स्पष्ट सांगितलंय. आणि खिचडी हलकी असं सगळे धरून चालतात, पण ग्रंथांत कृशरा, म्हणजे खिचडीच, गुरु मानली आहे. आपल्याकडं तर वर शेंगदाणे, तूप, पापड, लोणचं येतं. रात्री खायची तर मुगाची डाळ जास्त, तांदूळ कमी, पाणी भरपूर, पळीवाढी.

तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी दुपारचं जेवण पूर्ण करा. ते झाल्याशिवाय रात्रीचं हलकं टिकणार नाही.

ताराबाई_पार्कातला_डॉक्टर
मंगळवार, रात्री १०:४५

मी अ‍ॅलोपॅथीचा. वैद्यबुवांशी वाद घालायचा नाही, या एका बाबतीत आम्ही एकच सांगतो.

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूचं एक कडं असतं, ते झडपेचं काम करतं. पोट गच्च भरलं की झडपेवर दाब येतो. तेलकट-तुपकट जेवण जठरातून उशिरा पुढं सरकतं. उभं असताना आम्ल खाली राहतं, आडवं झाल्यावर ते वर येतं. झोपेत लाळही कमी सुटते आणि गिळणंही कमी होतं, त्यामुळं वर आलेलं आम्ल धुऊन जात नाही. म्हणून जेवण आणि अंथरूण यांच्यात दोन-तीन तास ठेवायला आम्ही सांगतो. तंबाखू आणि दारू ती झडप आणखी सैल करतात.

दोन उपाय आज रात्रीपासून करा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उचला. उशीवर उशी ठेवू नका, त्यानं पोट दुमडतं आणि उलटा दाब येतो. आणि डाव्या कुशीवर झोपा. आपल्या आज्यांची वामकुक्षी इथंही उपयोगी आहे, जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल वर चढायला अवघड जातं.

सहाच्या चहाचाही विचार करा. कॅफिनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. सहाचा कडक चहा अकरा वाजता अर्धा तुमच्या अंगात असतो.

गिळायला त्रास, वजन आपोआप उतरणं, काळी शी, उलटीतून रक्त, यांतलं काही असेल तर घरगुती प्रयोग थांबवून तपासणी करून घ्या. छातीतलं दुखणं डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, दरदरून घाम येत असेल तर ते पित्त समजून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि घरच्यांना विचारा, तुम्ही जोरात घोरता का, मध्ये श्वास अडकतो का. तसं असेल तर जेवण कितीही बदललं तरी दिवसाची झापड जाणार नाही, त्याची तपासणी वेगळी.

भट्टीवरचा
बुधवार, पहाटे ४:३०

आत्ता ब्रेकमध्ये लिहितोय. शिरोलीत फाउंड्रीत आहे, महिन्यातला एक आठवडा तिसरी पाळी, रात्री ११ ते सकाळी ७. तुमचं हे सात वाजता जेवा वगैरे आम्हाला कसं लागू व्हायचं? मी घरनं दहाला जेवून निघतो, दोनला कॅन्टीनमध्ये पुरी-भाजी, सकाळी साडेसातला घरी परत जेवण आणि मग झोप. अकराला जाग येते ती येतेच. आठवडाभर डोकं जड. वैद्यांनी काही सांगावं ही विनंती.

अग्नी_आणि_अन्न
बुधवार, सकाळी ८:०५

तुमच्यासाठी वाग्भटांचं एक वचन नेमकं आहे. सवय नसताना रात्री जागरण झालं तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि ते न जेवता. आठ तासांची पाळी असेल तर घरी येऊन हात-पाय धुऊन, न जेवता चार तास झोपायचं. फार भूक असेल तर कपभर कोमट पेज. उठल्यावर साडेबारा-एकला मुख्य जेवण. संध्याकाळी जमलं तर पुन्हा थोडी डुलकी. पाळीवर निघण्याआधी आठ-साडेआठला मध्यम जेवण, आणि दोनला पुरी-भाजीऐवजी भाजलेले फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा घरनं नेलेली भाकरी-भाजी. पहाटे पचन सगळ्यांत मंद असतं आणि भट्टीजवळ घाम जातो, म्हणून पाणी थोडं थोडं सारखं पीत राहा. खोलीला जाड पडदा लावा.

शास्त्रात दिवसाची झोप उन्हाळा सोडला तर नको म्हटली आहे, पण रात्री जागलेल्याला तिथंच सूट दिली आहे. मनात अपराधीपणा ठेवू नका.

पेठेतली_वहिनी
बुधवार, दुपारी ३:१५

आता निवांत लिहिते. सगळ्यांनी काय खावं ते सांगितलं, ते करायचं कुणी हे कुणी बोललं नाही.

आमच्या घरात सात माणसं. सासऱ्यांना पित्त, सासूबाईंना साखर, नवरा गोकुळ शिरगावला कंपनीत, दोन मुलं शाळेतली आणि दीर कॉलेजचा, त्याला रोज झणझणीत पाहिजे. ‘मला हलकं कर’ असं एकानं म्हटलं की बाईचं एक भांडं वाढतं. पहिल्या वर्षी मी रात्री तीन-तीन प्रकार करायचे आणि ओटा आवरून साडेअकराला टेकायचे. माझीच झोप गेली होती. म्हणून पुरुषांना सांगणं आहे, हलकं जेवण मागताना घरातल्या बाईचा संध्याकाळचा वेळ मोजा.

मग मी उलटं केलं. सगळा जड स्वयंपाक सकाळी. मटण असू दे, भरली वांगी असू देत, पुरणाचं असू दे, ते दुपारच्या ताटात आणि डब्यात. रात्रीसाठी एकच भांडं, आणि त्यातनं ज्याला जसं पाहिजे तसं. बहुतेक वेळा ते मुगाचं कढण असतं.

एक मोठी वाटी हिरवे मूग दुपारी भिजत टाकते. संध्याकाळी पाच-सहा वाट्या पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या. रवीनं घोटून घेते. तुपावर जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेलं आलं आणि दोन पाकळ्या लसूण, हळद, मीठ, एक उकळी. सासऱ्यांना तसंच, सोबत मऊ भात. सासूबाईंना त्याच कढणात शाळूची अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी. दिराच्या वाटीत वरनं कांदा-लसूण मसाल्याची फोडणी, तो तेवढ्यावर खूश. मुलांना तूप जास्त. वीस मिनिटांचं काम.

दुसरं म्हणजे ज्वारीच्या कण्या. आजी करायची, मधे विस्मरणात गेल्या होत्या. रात्री ऊन ऊन कण्यांवर दूध किंवा पातळ आमटी. तांदूळ घेताना आजरा घनसाळ मिळाला तर तो, पण जुना. नव्या तांदळाचा भात रात्री पोटात बसतो, हे वैद्य म्हणतात ते मी घरात बघितलंय. भाज्यांत दुधी, पडवळ, दोडका, तांदुळजा. वांगं, बटाटा, वाटाण्याची उसळ रात्री ठेवत नाही.

आणि मटणाच्या दिवसाचं. आमच्याकडं मटण शिजल्यावर मसाला घालायच्या आधी अळणी काढून ठेवतात, लहान मुलांना आणि आजारी माणसाला. वैद्यांनी मांसरस म्हटलं तेव्हा मला तेच आठवलं. सासऱ्यांना रविवारी रात्री वाटीभर गरम अळणी आणि मूठभर भात देते. तांबडा-पांढरा रस्सा दुपारी. त्यांना मटण खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि ते रात्रभर शांत झोपतात.

इचलकरंजीचा_मुलगा
बुधवार, रात्री ९:५०

एक धोक्याची गोष्ट सांगतो, धागा वाचून कुणाच्या घरी व्हायला नको. माझे वडील रात्री इन्सुलिन घेतात. कुणीतरी रात्री हलकं खा म्हणून सांगितलं. त्यांनी जेवण फक्त सूपवर आणलं आणि इन्सुलिन तेवढंच घेतलं. पहाटे तीनला आईनं मला हाक मारली. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, मला ओळखत नव्हते. साखर ५२ वर आली होती. शुद्धीवर होते म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही.

ताराबाई_पार्कातला_डॉक्टर
बुधवार, रात्री १०:३०

हे लिहिलंत, फार बरं केलंत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवणाची वेळ किंवा प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा. स्वतः ठरवायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, ठसका लागून जीव जाऊ शकतो. अशा वेळी सरळ दवाखान्यात न्या. तसं बघितलं तर मधुमेह्यांना लवकर जेवण्याचा फायदाच आहे, तेच जेवण सकाळपेक्षा रात्री उशिरा घेतलं तर साखर जास्त चढते. पण डोस आणि ताट एकत्रच हलले पाहिजेत. गरोदर बायका आणि वजन कमी असलेले वृद्ध यांनीही आपल्या मनानं रात्रीचं जेवण कमी करू नये.

तालमीचा_गडी
गुरुवार, सकाळी ६:२०

वैद्यांनी लिहिल्यालं दोनदा वाचलं. एक कबूल करतो. तालीम सोडून मला सहा वर्षं झाली, आता ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो आणि खुराक तोच हाय. वजन १०४ झालंय. बायको म्हणती घोरता. डॉक्टर, ती तपासणी कुठल्या विभागात करत्यात?

ताराबाई_पार्कातला_डॉक्टर
गुरुवार, सकाळी ९:००

कान-नाक-घसा किंवा छातीच्या तज्ज्ञांना दाखवा. रात्रभर झोपेचा आलेख घेतात, त्यात श्वास किती वेळा अडतो ते कळतं. उशीर करू नका, रक्तदाबही मोजून घ्या.

महाद्वारचा_दुकानदार
पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:१५

मंडळी, मी मुद्दाम थांबलो होतो. चार दिवसांचा अनुभव सांगण्यात अर्थ नव्हता.

आधी डॉक्टरांकडं जाऊन आलो. तपासणी झाली, घाबरण्यासारखं काही नाही. थोडे दिवस गोळी, आणि जेवण सुधारा म्हणाले. पलंगाखाली विटा त्याच दिवशी ठेवल्या.

मग दुपार. हे सगळ्यांत अवघड गेलं. मुलाला सांगितलं, एक ते दोन गल्ल्यावर तू. पहिल्या आठवड्यात मन दुकानात आणि हात ताटात. आता सव्वाला घरी पोचतो, चालत सात मिनिटं. भाकरी, भाजी, आमटी, भात, सगळं. रविवारचं मटणही दुपारी. तांबडा रस्सा अर्धी वाटी, पांढरा एक वाटी आणि तिथं थांबतो. ‘जड ते अर्ध्या तृप्तीपर्यंत’ हे वैद्यांचं वाक्य कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावलंय. दोनला परत दुकानात. दुपारचं नीट जेवल्यावर सहाला भडंगाची आठवणच येत नाही, हे मला नवीन होतं. चहा चारला, त्यानंतर नाही.

रात्रीसाठी लक्ष्मीपुरीतल्या भाऊंच्या वडिलांचा पाट आमच्या दुकानात आला असं समजा. साडेसातला थर्मासमधनं कढण, अर्धी भाकरी, दहा मिनिटं. गिऱ्हाईक थांबतं. इतकी वर्षं मला वाटायचं थांबणार नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. रात्री ताटावर मी नसतो याचं घरच्यांना वाईट वाटलं. आमच्या सौ. तीन दिवस नीट बोलल्या नाहीत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी माझ्यासाठी साडेदहापर्यंत वाट बघितलेली. आता त्या आणि आई आठलाच जेवतात. मी आलो की सगळे गच्चीवर बसतो, मग आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत शतपावली करून येतो. आईचे गुडघेदुखीचे दिवस सोडले तर तीही खाली येऊन बाकावर बसते.

झोप. अकरा ते पाच, आठवड्यातल्या पाच रात्री. दोन रात्री अजून जाग येते, पण जळजळ नसते आणि पुन्हा डोळा लागतो. दोनदा मोडलं. भाच्याच्या लग्नात, आणि गावाकडं म्हाईच्या जेवणाला रात्री अकराला पंगतीत बसलो. दोन्ही वेळा अडीचला उठून बसलो, अगदी जुन्यासारखं. आता पंगत असली की घरनं साडेसातला कढण पिऊन जातो आणि ताटात थोडंच वाढून घेतो. आग्रह करणाऱ्याला खरं कारण सांगतो. लोक समजून घेतात.

वहिनींनी लिहिलेलं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याच दिवसापासनं रात्री एकच भांडं.

भट्टीवरचा
रविवार, दुपारी १:०५

मीही न जेवता झोपायला लागलोय पाळी सुटल्यावर. आधी अकराला जाग यायची, आता साडेबारापर्यंत झोप लागते. दुकानदार, थर्मास कुठला घेतला? माझ्या बाटलीत कढण खाली बसतं.

महाद्वारचा_दुकानदार
रविवार, रात्री १०:०२

रुंद तोंडाचा स्टीलचा घ्या, चमचा तळापर्यंत गेला पाहिजे. भरायच्या आधी पाच मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवा, म्हणजे दोनपर्यंत कढण ऊन राहतं. आणि घोटताना मूग अगदी मोडू द्या, अख्खे राहिले की खाली बसतात. वास राहिला तर रात्रभर कोमट पाण्यात थोडा सोडा घालून ठेवायचा.